नाकाची नोकरी

आमच्या घरात हुंगायला बंदी होती. मोगऱ्याचं फूल नाकाशी नेलं की ते देवाच्या कामातून गेलं. पोळ्याच्या दिवशी पुरणाच्या गंजावर वाकलं की पाठीत धपाटा, कारण नैवेद्य दाखवायच्या आधी वास घेणं म्हणजे तो उष्टा करणं. माय स्वतः पुरण घाटताना मान एका बाजूला वळवून उभी राहायची, जसं कोणी शेजारीण दारातून बोलत आहे. मला हे कधीच पटलं नाही. वास काय आपण बोलावतो? तो आपल्या पायानं येतो. पण मायशी वाद घालायचा तर आधी दार उघडं आहे का बघून घ्यावं लागे, म्हणून मी गप्प बसायची आणि चोरून हुंगायची.

त्या बंदी घातलेल्या नाकाला घरात एकच काम होतं. शेलूबाजारच्या बाजाराच्या दिवशी बाबा संध्याकाळच्या जीपनं आमच्या गावी, किन्हीराजाला परतायचे. जीपचा आवाज आला की माय चुलीपासूनच म्हणायची, जाय, बाबाले घेऊन ये. मी पळत वळणापर्यंत जायची. बाबा मला उचलून कडेवर घ्यायचे. एरवी फार बोलके गृहस्थ, पण त्या वेळी वळणापासून ओट्यापर्यंत एक अक्षर बोलायचे नाहीत. चालून दम लागला असेल असं मला वाटे. घरात आल्यावर माय विचारायची नाही, नुसती भुवई उचलायची. मी मान हलवायची, उभी किंवा आडवी. उभी हलवली की त्या रात्री भाकर ताटात आपटली जायची. आडवी हलवली की भाकरीवर तेल-तिखट यायचं आणि माय जवळ बसून जेवायची. बरीच मोठी होईपर्यंत मला वाटत होतं की सगळ्याच घरातल्या मुलींना हे काम असतं.

पुढे बाबांनी आपणहून दारू सोडली. का सोडली, कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. माझं ते काम संपलं. एवढंच झालं की मायच्या मनात दारूबद्दल जे बसलं ते बसलंच. माझं लग्न मोडून मी माहेरी आले (त्याची गोष्ट वेगळी आहे आणि कंटाळवाणी आहे) आणि रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात वाढायच्या कामाला लागले, तेव्हा तिनं एकच वचन घेतलं. हॉटेलात काय वाटेल ते चालो, दारूचा थेंब तुझ्या तोंडाला लागता कामा नये. तेव्हा तिथे नुसती शाकाहारी थाळी होती. वचन द्यायला माझं काय जात होतं!

मग मोठा रस्ता झाला. नागपूरच्या, मुंबईच्या गाड्या उतरू लागल्या. त्यांतली माणसं थाळी बघून नाक मुरडत आणि वाइन आहे का विचारत. मालकांनी परवाना काढला, माडीवर काचा लावून कुटुंबांसाठी वेगळा विभाग बांधला आणि नाशिककडून एका बाईंना बोलावलं, वाइन कशी द्यायची ते शिकवायला. आमच्यातले चौघे निवडले. दोन तरुण पोरं, एक पोक्त वाढपी आणि मी. शेवटच्या दिवशी परीक्षा होती आणि जो सगळ्यात बरा ठरेल तो माडीवरचा कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा म्होरक्या. बाकीच्यांनी खाली वरणाच्या बादलीला परत जायचं.

मला ती जागा हवी होती. सरळच सांगते, फार हवी होती. वरणाची बादली घेऊन फिरताना लोक तोंड वर करून बघतही नाहीत, नुसता हात आडवा धरतात. आणि दुसरं म्हणजे शाळा सुटल्यापासून मला कोणी काही शिकवलं नव्हतं. जे आलं ते बघून किंवा बोलणी खाऊन आलं. आता कोणी तरी नाशिकहून फक्त शिकवायला येणार होतं. घरी मी सांगितलं की वाढायचं ट्रेनिंग आहे. खोटं नव्हतं ते. मायनं एवढंच विचारलं की इतकी वर्षं काय न शिकताच वाढत होती का?

पहिल्या दिवशी मॅडमनी बाटली उघडलीच नाही. पन्नाशीच्या बाई, केस आखूड, मराठी अगदी पुस्तकासारखं, पण डोळे हसरे. त्यांनी टेबलावर वाट्या मांडल्या, प्रत्येक वाटी कागदानं झाकलेली आणि कागदाला बारीक भोकं. हुंगा आणि सांगा, म्हणाल्या. पोरं एकमेकांकडे बघून हसली. वाढपीबुवांना सर्दी होती, त्यांनी सगळ्या वाट्यांना जिरं म्हणून टाकलं. मी मात्र वाटी हातात घेतली आणि तशीच उभी राहिले. पाठीत धपाटा बसेल अशी सवयीची एक जागा असते ना, ती आकसली होती. मॅडम म्हणाल्या, घाई नाही, हवा तितका वेळ घ्या. हवा तितका वेळ! मी डोळे मिटले आणि ओढून वास घेतला. लवंग. पुढची लिंबाची साल. मग मेथी, मग पहिल्या पाण्यानं भिजवलेली माती, आणि शेवटच्या वाटीत कातडं. मी म्हटलं, नवी वहाण आहे ही. मॅडमनी कागद काढून दाखवला, चपलेचा तुकडाच होता. घरी परतताना काळीपिवळी जीपमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या पिशवीत कोथिंबीर आहे, तिच्या खालच्या पिशवीत खत आहे आणि ड्रायव्हरनं सकाळी केसांना आवळ्याचं तेल लावलं आहे, हे मी न बघता सांगू शकले असते. सांगितलं नाही, माणसं बिचकतात.

दुसऱ्या दिवशी बाटल्या आल्या. बूच काढायचा स्क्रू कसा धरायचा, बाटली टेबलावर आवाज न करता कशी उघडायची, ग्लास दांडीला का धरायचा, नाही तर हाताच्या उबेनं वाइन तापते. या सगळ्याला कारण होतं आणि मॅडम कारण सांगत होत्या, मला याचंच अप्रूप वाटलं. आमच्याकडे कारण विचारलं की 'असंच असतं' हे उत्तर येतं. मग लाल वाइन ग्लासात फिरवून त्यांनी विचारलं, कशाचा वास येतो? मी म्हटलं, जांभळाचा. आणि मागून भिजलेल्या कुटाराचा. सोयाबीन काढल्यावर उरलेल्या भुशाच्या ढिगावर पाऊस पडला की येतो तो. मॅडमना कुटार माहीत नव्हतं, समजावून सांगितल्यावर त्या खूश झाल्या, पण म्हणाल्या की गिऱ्हाइकाला असं सांगू नका. त्याला माहीत असलेलं सांगा, स्ट्रॉबेरी म्हणा. मी म्हटलं, स्ट्रॉबेरी मी फक्त जाममध्ये खाल्ली आहे, त्या जामला साखरेचा वास होता. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, मग जांभूळच म्हणा, जांभूळ सगळ्यांना कळतं. कुटारावर आमची तडजोड झाली नाही.

ओतण्याची वेळ आली तेव्हा वाढपीबुवा पुढे झाले. हा माणूस पंगतीतला राजा. लग्नात त्यानं बुंदी वाढायला घेतली की कोणाची नाही म्हणायची टाप नसते. त्यानं मॅडमचा ग्लास काठोकाठ भरला, वर आणखी एक शीग यावी म्हणून बाटली हलवली आणि पाहुण्याचा हात धरल्यासारखा प्रेमानं म्हणाला, घ्या, लाजू नका. मॅडमनी सांगितलं की ग्लास तिसरा हिस्साच भरायचा. बुवांचा चेहराच पडला. एवढीशी ओतून कसं पुढं सरकायचं? समोरचा काय म्हणेल, यांच्या घरात नाही का? वास फिरायला ग्लासात जागा लागते हे त्याला समजावून सांगितलं. तो मान डोलवायचा, पण हात ऐकेना. बाटली तिसऱ्या हिश्श्याला थांबायची आणि बुवांकडे बघून दया आल्यासारखी पुन्हा वाकायची.

दुसरी चूक आम्ही चौघांनीही केली. मॅडमनी एका टेबलावर यजमान, दोन पाहुणे आणि एक म्हातारे गृहस्थ बसले आहेत असं समजायला सांगितलं. पहिला घोट कोणाला? आम्ही सगळे आधी म्हाताऱ्याकडे गेलो, मग पाहुण्यांकडे, आणि यजमान शेवटी. मॅडम म्हणाल्या, नाही, यजमानाला आधी. तो चाखणार, मान हलवणार, मगच बाकीच्यांना. मला राहवलं नाही. मी म्हटलं, आमच्याकडे घरधनी पंगत उठल्याशिवाय ताटावर बसत नाही, आणि पाहुण्याच्या आधी तोंड घातलं तर गावभर नाव निघेल. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, बाटली कधी कधी आतून बिघडलेली असते. ती पाहुण्याच्या तोंडात जाण्याआधी यजमानाच्या तोंडात जावी, म्हणून. मी घरी जाईपर्यंत याचाच विचार करत राहिले. नैवेद्याच्या पुरणात मीठ पडलं असेल तर आमच्याकडे ते आधी देवाला कळतं.

इथवर मी नुसत्या नाकावर निभावून नेलं होतं. बाकीचे घोट घ्यायचे, चूळ भरल्यासारखं तोंडात फिरवायचे आणि मॅडमनी आणलेल्या पिकदाणीत थुंकायचे. एका पोरानं थुंकणं लवकरच सोडून दिलं आणि तो दुपारनंतर फार हुशार झाला. मी ग्लास ओठाजवळ नेऊन खाली ठेवायची. मॅडमना ते दिसत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन ग्लास समोर ठेवून विचारलं, यातली तुरट कोणती? मी दोन्ही हुंगले. दोन्हीत जांभूळ होतं. पुन्हा हुंगले. अंदाजानं डावीकडचा दाखवला, तो चुकला.

त्यांनी मला बाजूला घेतलं. तुरटपणाला वास नसतो, म्हणाल्या. गोडीलाही नसतो. तो जिभेलाच कळतो, आणि गिऱ्हाईक विचारतं ते हेच. मी वचनाबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, गिळायची सक्ती नाही, पण तोंडात घ्यावी लागेल, उद्या परीक्षेत मी विचारणार आणि न चाखता मी तुम्हाला पास करू शकत नाही. बाई खरं बोलत होत्या आणि त्याचाच मला राग आला. आयुष्यात एक गोष्ट आली जिथे माझं नाक कामाला आलं, आणि तिथे नाक पुरत नाही म्हणे! त्या रागातच मी वळले, बुवा भरलेला ग्लास घेऊन मागेच उभे होते, आणि लाल वाइन माझ्या बाहीवर कोपरापर्यंत सांडली. धुतली, पण वास राहिला.

जीपमध्ये मी ठरवून टाकलं की मायला विचारायचं. तोंडात घेऊन थुंकलं तर वचन मोडतं का, हे माझं मी ठरवू शकले असते. पण वचन तिनं घेतलं होतं, तेव्हा ते सोडवायचं तर तिनंच. ती नाही म्हणाली तर परीक्षेला जायचं नाही आणि पुन्हा वरणाची बादली उचलायची, हेही ठरवलं. बाबा ओट्यावर बाजेचा सुंभ ओढत बसले होते. माय आत तुरीची डाळ निवडत होती. मी उंबऱ्यातच होते, तिनं सुपातून मान वर केली नाही, नुसते हात थांबले.

"हा कायचा वास येऊन राह्यला?"

मी सगळं सांगितलं. वाट्या, बाटल्या, माडीवरची जागा, उद्याची परीक्षा, तुरटपणा. बाबांची सुंभ ओढायची कुरकुर मध्येच बंद झाली होती. माय पुन्हा डाळ निवडायला लागली. खडा नसलेल्या जागीही तिची बोटं फिरत होती. मग तिनं सूप बाजूला सरकवलं, माझा हात ओढला आणि बाही नाकाला लावली. मायनं मुद्दाम कशाचा वास घेतलेला मी तोवर कधी बघितला नव्हता. तिनं डोळे मिटले, माझ्यासारखेच.

"जांभळावानी आहे," ती म्हणाली. "बाबाच्या अंगाले येत होता तसा नाई."

मला चमकायला झालं. मी विचारलं, तो वास तुला येत होता?

"मले त रस्त्यावरूनच येत होता."

"मंग मले काहून धाडत होती?"

बाहेर ओटा शांत होता. तिनं आवाज खाली आणला, पण घर लहान आहे.

"मी समोर गेली असती त तिथंच भांडण झालं असतं. तू कडेवर असली की तो कोनाशीच भांडत नव्हता."

इतकी वर्षं मी मनाशी धरून होते की मी पहारेकरी होते, चुगली करणारी होते. आणि थोडा अभिमानही होता, माझ्यावाचून मायला कळत नाही याचा. तिला माझं नाक नकोच होतं. मी नुसती मध्ये असायला हवी होते. मला रडू आलं आणि मायचा थोडा रागही आला, हे आधी सांगायचं होतं ना. ती तोवर उठून चुलीकडे गेली होती. तिथूनच तिनं निकाल दिला.

"तोंडात घे. गिळू नको. अन् घरी आली की पयले माह्याजवळ येजो."

परीक्षेला मालक स्वतः यजमान म्हणून बसले, शेजारी मॅडम आणि मालकांचे पांढऱ्या मिशांचे काका. मी बाटली दाखवली, बूच काढलं, आवाज झाला नाही. काकांना ओलांडून मालकांच्या ग्लासात आधी ओतताना माझा हात जड झाला होता, आणि मालकांनाही ते सोसलं नसावं, कारण घोट घेताना ते काकांकडे पाठ करून बसले. मग मॅडमनी माझ्यासमोर ग्लास ठेवला आणि तो प्रश्न विचारला. मी घोट तोंडात घेतला. आधी काहीच कळलं नाही. मग जिभेच्या दोन्ही बाजू हिरडा चघळल्यासारख्या सुकल्या, गाल आतून ओढले गेले आणि जांभूळ नाकात न येता घशाकडून वर चढलं. वास मागच्या दारानंही येतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मला तिथेच उभं राहून त्याचा विचार करावासा वाटत होता. मी पिकदाणीत थुंकले आणि सवयीनं तांब्या उचलून खळखळून चूळ भरली, दोनदा, अंगणात भरतात तशी. काका मोठ्यानं हसले. मॅडमनी कपाळाला हात लावला. तुरट आहे, मी म्हटलं, हिरड्यासारखी, पण लवकर निवळते, तिखट रश्शाबरोबर द्या, गोडाबरोबर देऊ नका.

माडीवरची जागा मला मिळाली. चूळ भरायची नाही या अटीवर. बुवांना माझ्या हाताखाली दिलं आहे आणि त्यांचा ग्लास आता अर्ध्यावर थांबतो, त्याच्या खाली उतरवणं माझ्याच्यानं होणार नाही.

त्या संध्याकाळी माय दारातच उभी होती. बाबा बाजेवर बसले होते, सुंभ ओढून झाला होता. मी काही सांगायच्या आधी तिनं माझी हनुवटी धरली. मी तोंड उघडलं आणि तिच्या चेहऱ्यावर श्वास सोडला. तिनं हुंगलं, जरा थांबून पुन्हा हुंगलं आणि हनुवटी सोडली. नाई गिळली, म्हणाली, आणि जागा मिळाली का ते विचारलं. मी मान हलवली, उभी. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं तेव्हा मला कळलं की या घरात उभ्या मानेला पहिल्यांदाच असं उत्तर मिळालं आहे.

बाबा आमच्याकडे बघत होते. कालचं सगळं त्यांनी ऐकलं होतं आणि दिवसभर त्यावर विचार केला असावा. आवाजात तक्रार नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मी त ओटा येईपर्यंत श्वास धरून राहत होतो. मंग तुले समजे कसं?"

"तोंडाचा नाई, बाबा," मी म्हटलं. "तुमच्या खांद्याले येत होता. मी तिथंच डोकं ठेवत होती ना."

बाबांनी मान वाकडी केली आणि आपल्याच सदऱ्याचा खांदा हुंगून बघितला.